आधी इत्तला

दिवाळी तोंडावर आली, घराघरांतून चकलीचा वास सुटला, की सुभेदारतात्या आमच्या गल्लीत एकेका दाराशी येऊन उभे राहायचे. दाराशी म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर, थोडे बाजूला, पाठ भिंतीला टेकवून. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत.

"बाई, फटाकं आणलं का?"

"आणलेत थोडे पोरांना."

"कधी वाजवणार?"

"आता ते काय ठरवून असतं का, तात्या?"

"ठरवायचं. टाइम सांगा. आन् वात पेटवायच्या आधी खिडकीतनं मला हाळी द्या. आधी इत्तला द्यायची. कोई शक?"

तात्यांच्या 'कोई शक'ला शंका विचारायची कुणाची छाती नव्हती. इत्तला म्हणजे आगाऊ खबर. कोर्टकचेरीच्या जुन्या कागदांतला शब्द. तात्यांनी तो फौजेतून आणला आणि मीठमिरचीसारखा सगळ्यात घालत राहिले. लाइट गेली की वीजवाल्यांच्या नावानं ओरडायचे, "इत्तला न देता घालवली!" पाहुणा अवचित टपकला तर चहाच्या आधी त्याला तेच ऐकवायचे. एकदा वळवाच्या सरीत त्यांच्या बायकोच्या, इंदूमावशींच्या वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या, तेव्हा तात्यांनी आभाळाकडे बघून त्यालाही झापलं होतं.

गल्ली हसायची. "सुभेदार रिटायर झालेत, ह्याची त्यांना कुणीतरी इत्तला द्या," असं कट्ट्यावरची मंडळी म्हणायची. मी हसत नसे. मोठी समजूतदार म्हणून नव्हे, जात्याच भित्री म्हणून. मी पालीला भिते, गॅसच्या नळीला भिते, आणि शाळेत शिकवते तरी हेडमास्तरांनी नुसतं "बाई, जरा या" म्हटलं की काय चुकलं ते आठवत जाते. अशा बाईला दुसऱ्याची भीती लांबून ओळखू येते. तात्यांची मात्र ओळखायला मला फार वेळ लागला, कारण त्यांच्या मिशा.

काय मिशा होत्या! पांढऱ्याशुभ्र, दोन्ही टोकं वर. पँटीची इस्त्री अशी की घडीनं बोट कापावं. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, मागं कालवा, दोन्ही बाजूंनी ऊस. त्या उसातल्या पाऊलवाटेनंसुद्धा तात्या परेडला निघाल्यासारखे चालायचे. पगारदार माणसांची आमची गल्ली, त्यात शेवटचं घर त्यांचं. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पलटणीचा फोटो, आणि दाराकडे तोंड करून एक खुर्ची. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे. लग्नाच्या मांडवातही तात्या पहिल्या रांगेचा मान सोडून मागच्या कोपऱ्यातली खुर्ची धरायचे. "हितनं सगळं दिसतंय," म्हणायचे.

ऊस तुटून गेला की रानात पाचट पेटवतात. वाळका पाला तडतडत, फटफटत जळतो, गावभर काळी राख उडते. ज्या दिवशी आसपास पाचट पेटणार, त्या दिवशी तात्यांना हमखास बारामतीत काम निघायचं. एकदा तिथली माझी शाळा सुटल्यावर मी बारामतीच्या स्टँडवर आले, तर हे बाकड्यावर बसलेले, पाठ खांबाला. एकामागून एक आमच्या गावावरून जाणाऱ्या गाड्या सुटत होत्या आणि हे काही उठत नव्हते.

"काय तात्या, काम झालं नाही वाटतं?"

"झालं की. हितं गारवा बरा हाय, बाई."

एप्रिलचं ऊन, पत्र्याखालचं ते स्टँड, आणि म्हणे गारवा! मी मनात म्हटलं, म्हातारा चळला.

मी लग्न होऊन गावात आले तेव्हा सासूबाईंनी मला गल्लीची ओळख करून दिली ती तात्यांच्या मिठीपासून. ती गोष्ट नव्या सुनेला सांगायचा रिवाजच होता म्हणा ना. आमच्याकडे फौजी रिटायर होऊन आला की त्याची मिरवणूक निघते. झेंडूच्या माळांनी मढवलेली उघडी जीप, पुढं डीजे, बायका ओवाळायला. तात्यांचीही निघाली. जीपमध्ये तात्या आणि शेजारी इंदूमावशी, नव्या कोऱ्या साडीत. वेशीशी आल्यावर तरुण मंडळाला वाटलं, सुभेदारांना अचानक सलामी द्यायची. त्यांनी जीपच्या चाकाशी फटाक्यांची भलीमोठी लड अंथरली आणि ह्यांना न सांगता पेटवून दिली.

"आन् काय सांगू तुला!" सासूबाईंच्या डोळ्यांत हे सांगताना हसून पाणी यायचं. "त्या बाबानं जीपमधनं उडी मारली ती बायकोला घिऊनच. रस्त्यावर आडवी पाडली आन् अशी मिठी मारली, अशी मिठी मारली, की सोडंचना! समद्या गावादेखत! एवढी वर्सं लांब ऱ्हायला गं, धीर निघाला न्हाय."

तेव्हापासून ती मिठी गावाची झाली. हळदीकुंकवाला बायका इंदूमावशींना चिडवायच्या, लग्नात नवऱ्यामुलाला सांगायचे, 'सुभेदारांसारखं जपायचं बरं का.' तात्या मिशीवर हात फिरवून हसायचे. मावशी पदर तोंडाला लावायच्या. त्यांच्या डाव्या मनगटावर एक वेडीवाकडी खूण होती. बांगड्या फुटून लागलं, म्हणायच्या.

मावशींच्या घरात कुकर नव्हता. "ह्यांला कुकरचा भात गोड लागत न्हाय." दाराला घंटी नव्हती. "पोरं उगं वाजवून पळत्यात." भांड्यांच्या फळीवर जुनं धोतर घडी घालून अंथरलेलं, म्हणजे ताट ठेवलं तरी आवाज नाही. आणि स्वतःच्याच घरात एका खोलीतून दुसरीत जाताना मावशी आधी दाराशी थांबायच्या, हातातल्या बांगड्या वाजवायच्या, मग आत पाऊल टाकायच्या. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचा आदर राखते. कोण किती मूर्ख असावं!

एकदा दुपारी तात्या फौजी कँटीनमधून आणलेला चहाचा पुडा द्यायला आले. ओट्यापाशी उभं राहून आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी चालली होती, आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली. पुढचं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी फरशीवर होते. माझ्या खांद्यावर तात्यांचा हात होता, खिळा ठोकावा तसा. ते स्वतः कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत अंग चोरून बसलेले, डोळे दाराकडे. "खाली, बाई," ते अगदी हळू म्हणत होते. "डोकं खाली. उठायचं न्हाय."

त्या डोळ्यांत मी नव्हते, माझं स्वयंपाकघर नव्हतं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. दुसरी शिट्टी होऊ नये म्हणून मी फरशीवरून सरपटत जाऊन गॅस बंद केला.

मग ते उठले. पँट झटकली, मिशीची टोकं वर केली. "शिट्टी बदला तेवढी. इत्तला न देता वाजतीय," म्हणाले आणि हसले. मीही हसले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दारातून बाहेर पडेपर्यंत ते भिंतीचा आधार घेत गेले. तेव्हा मला ती मिठी कळली. मी हे कुणाला बोलले नाही, पण त्या दिवसापासून कुकर लावला की खिडकीतून ओरडायला लागले, "तात्या, कुकर लावलाय हो!" पलीकडून उत्तर यायचं, "रॉजर!" सासूबाई म्हणायच्या, "ही बी बिघडली."

तालुक्यातल्या माजी सैनिकांची एक संघटना होती आणि तात्या तिचे सेक्रेटरी. रविवारी त्यांच्या ओसरीवर माणसं जमायची. कुणाच्या पेन्शनीचं अडलेलं, कुणाच्या पोराला हॉस्टेल हवं. त्यांत सुप्याचा महादेव यायचा. त्याच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं जिरायत केली, आणि हा फौजेत गेला. सुटून आल्यावर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गार्ड लागला होता. सुप्याहून मोटरसायकलनं यायचा. अबोल पोरगा. तात्यांसमोर बसला की दोघंही दाराकडे तोंड करून बसायचे, आणि तास तासभर एक शब्द नाही.

एका रविवारी सकाळी तात्यांना महादेवच्या बायकोचा, रेखाचा फोन आला. शेजारच्या माणसानं डाळिंबाच्या बागेत पाखरं हाकायची बंदूक नवीन आणली होती. पाइपात कार्बाइड घालून बार काढतात ना, ती. आदल्या संध्याकाळी पहिला बार झाला आणि महादेव कोयता घेऊन माळाकडे पळाला. रात्रभर आला नव्हता. भाऊबंद काठ्या घेऊन शोधायला निघाले होते.

आमच्या ह्यांची डेअरीत शिफ्ट. गाडी चालवणारी गल्लीत त्या वेळी मी एकटी, तीही नवशिकी, दुसऱ्या गिअरच्या वर न जाणारी. "बाई, चला," तात्या म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते मागच्या सीटवर बसलेसुद्धा होते. सुप्यापर्यंत ते एकदाच बोलले. "काठ्या घिऊन गेल्यात म्हणजे घोळ करणार."

अभयारण्याकडचा माळ तुम्ही पाहिला असेल तर कळेल, तिथं लपायला फारसं काही नाही. वाळकं गवत, खुरटी झाडं, मधूनच एखादं चिंकारा हरीण कान टवकारून बघतं. भाऊबंदांना महादेव सापडला होता. एका ओघळीत खाली बसला होता, हातात कोयता, आणि कुणी जवळ सरकलं की तो उगारायचा. माणसं लांब कोंडाळं करून उभी. रेखा जमिनीवर बसलेली, तिचा आवाज बसलेला. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कुणीतरी म्हणालं, जाळं आणा. जाळं! माणसाला!

तात्यांनी सगळ्यांना मागं हटवलं आणि काठ्या खाली ठेवायला लावल्या. मग ओघळीच्या तोंडाशी उभे राहून मोठ्यानं बोलायला लागले.

"महादेव, मी सुभेदार. एकटा हाय. हात रिकामं हायत. आता मी उजवा पाय उचलतोय. टाकला. आता डावा."

असं करत ते उतरले. प्रत्येक पाऊल आधी सांगायचं, मग टाकायचं. "हितं दगड हाय, सटकंल, आवाज हुईल. झाला बघ. माझाच हाय." मी गाडीच्या दाराला धरून उभी होते. कोयत्याचं पातं उन्हात चमकत होतं. महादेवनं एकदा ते उगारलं. तात्या थांबले. "हां, घे टाइम. मला कुठं जायचं न्हाय." मग पुन्हा, "आता बसतोय. तुज्या डाव्या अंगाला. आता तुज्या खांद्यावर हात ठिवणार हाय. ठिवू?"

ठेवला. बराच वेळ दोघं तसेच बसले. वर आले तेव्हा कोयता तात्यांच्या हातात होता आणि महादेव त्यांच्या शर्टाची बाही धरून चालत होता.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "तात्या, ह्याला डॉक्टर?"

"लांब हाय. पुण्याला. हाडाला गोळी लागली आसती तर फौजी दवाखान्याच्या कार्डावर मांडता आलं आसतं. ह्येला काय म्हणून मांडायचं? कारखान्याला कळलं तर नोकरी जाईल." मग काचेबाहेर बघत म्हणाले, "आज मी हुतो. उद्या?"

नेमकं त्याच सुमाराला राज्य सरकारनं माजी सैनिकांसाठी नवा कायदा करायचं ठरवलं. मसुदा निघाला. विधिमंडळाची समिती लोकांचं म्हणणं ऐकायला बारामतीत येणार होती. तात्यांनी मसुदा माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, कारण त्यातलं मराठी त्यांच्या भाषेत 'तोफखान्याचं' होतं. घरपट्टीत सूट होती, मुलांना हॉस्टेल होतं, नोकरीत जागा होत्या. मनाच्या दुखण्याबद्दल चकार शब्द नव्हता. शेवटी एक कलम होतं: माजी सैनिकाच्या अंत्यसंस्काराला पोलिसांची मानवंदना, हवेत तीन फैरी.

तात्यांनी मला थांबवलं. "ह्ये परत वाचा."

वाचलं.

"मेल्यावर बंदुका वाजवणार म्हणजे." ते जरा वेळ मिशीशी चाळा करत राहिले. "मेल्यावर ऐकू येत न्हाय म्हणत्यात. पण बाई, सांगायला कोण परत आलाय?"

मी म्हटलं, हरकत घ्या की त्या कलमावर. ते म्हणाले, "न्हाय. संघटनेतला जगतापआबा परवा मेल्यावर मानवंदना मिळणार म्हणून रडला. सगळ्यांना त्येच पायजे. लोकांच्या मानाच्या आड मी कशाला यू? आपण आपलं मागू. इंदूला हे वाचून दावू नका तेवढं."

मागायचं म्हणजे काय, हे संघटनेला कळलं तेव्हा ओसरीवर वाद पेटला. जगतापआबा हे रिटायर हवालदार, तात्यांचे जुने दोस्त. ते भडकले. "तात्या, डोकं ठिकाणावर हाय का? फौजी डोक्यानं बिघडत्यात आसं सरकारला लिवून देणार? मग एमआयडीसीत कोण ठिवंल आपल्या पोरांना गार्ड? कोण बंदूक दिईल हातात? कोण पोरगी दिईल? महादेवपायी समद्यांच्या भाकरीवर पाय द्यायचा?"

आबांचं अगदी खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत. महादेव कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "सायब, माजं नाव नका घिऊ."

"न्हाय घेणार," तात्या म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. पुढं समितीची मंडळी, समोर आम्ही. तात्या नेहमीप्रमाणे मागच्या कोपऱ्यात. मावशी माझ्याशेजारी. तात्यांचं नाव पुकारलं. माईकपाशी गेल्यावर त्यांची पाठ साऱ्या हॉलकडे आली आणि त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मागं शंभर माणसं असताना त्यांना उभं राहावं लागत होतं, हे फक्त आम्हा दोघींना कळत होतं. म्हणजे तेव्हा मला वाटत होतं, मला एकटीलाच.

"साहेब, मला एक गोष्ट सांगायची हाय," तात्या म्हणाले. "माज्या गावाला ती पाठ हाय. रिटायर झालो तवा मिरवणुकीत मी बायकोला मिठी मारली."

आमच्या गावची माणसं खुसखुसली. एकानं शिट्टीही घातली.

"ती मिठी नव्हती, साहेब. मी भ्यालो हुतो. फटाकं वाजलं आन् मला वाटलं आता संपलो. मी तिला खाली दाबली. तिचं मनगट मोडलं तरी मला सोडता येईना. गावानं त्येचं हसं केलं, मला बरं वाटलं. हसं झालं म्हणजे भ्या झाकलं. आज इतकी वर्सं मी त्या हसण्याच्या मागं लपून बसलोय. मी सुभेदार हाय, मला कुकरचं भ्या वाटतं. पाचट पेटलं की मी स्टँडवर जाऊन बसतो. माज्या बायकोला बी ह्यातलं कायच ठाव न्हाय. कायद्यात एवढंच लिवा, की ही बी जखम हाय, आन् हिचं औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळंल. माज्यासाठी न्हाय. मी म्हातारा हाय. पण पोरं हायत, ती माळावर जाऊन बसत्यात."

जगतापआबा आपल्या बुटांकडे बघत होते. तात्या वळले, आणि त्यांना दिसलं की मावशी उभ्या राहिल्यात.

"मला ठाव हुतं," मावशी म्हणाल्या. माईक नव्हता, पण ऐकू गेलं. "पैल्या दिवसापास्नं ठाव हुतं. आवो, मी कुकर का घेतला न्हाय? बांगड्या का वाजवती मी दारात?"

तात्या माईकपाशी तसेच उभे. त्यांच्या त्या मिशा थरथरायला लागल्या. मी मान फिरवली. बघवेना.

कायदा झाला. पेपरात छापून आलं तेव्हा तात्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मनाच्या दुखण्याचं कलम आत आलं होतं. "पुढं?" तात्या म्हणाले. पुढं लिहिलं होतं, ह्याचे नियम तयार झाल्यावर ते लागू होईल. तात्या म्हणाले, "म्हणजे अजून इत्तलाच हाय. पण इत्तला तरी आली." कारखान्यात कुणी कुणाला कामावरून काढलं नाही. जगतापआबा एकदा अंधार पडताना एकटेच तात्यांकडे आले, बऱ्याच वेळानं गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. तात्या दर महिन्याला महादेवला घेऊन पुण्याला डॉक्टरांकडे जात राहिले, नियम तयार व्हायची वाट बघत.

त्या दिवाळीला आमच्या गल्लीत प्रत्येक घरानं वाजवायच्या आधी हाळी दिली. ती चेष्टा नव्हती. तात्या ओसरीवर बसून प्रत्येकाला "रॉजर" म्हणत होते.

आणि मग एका दुपारी, दाराकडे तोंड करून, त्याच खुर्चीत तात्या गेले. मावशी चहा घेऊन आल्या, दारात बांगड्या वाजवल्या, आणि आतून नेहमीचं "हां" आलं नाही. मी धावत गेले तेव्हा त्या कपबशी हातात धरूनच उभ्या होत्या. "एवढं मातर इत्तला न देता केलं बघा ह्यांनी," म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत गाव जमलं. जगतापआबांनी फोनाफोनी केली होती. डोळे पुसत ते मावशींना म्हणाले, "वैनी, मानवंदना मिळतीय. नव्या कायद्यानं. तालुक्यात पैला मान आपल्या तात्याला!" दवाखान्याच्या कलमाचे नियम अजून व्हायचे होते. बंदुका आणि बिगुल मात्र पोलिसांकडे तयारच असतात.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना ते कलम कधी वाचून दाखवलं नव्हतं, पण बंदुका म्हटल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. नाही म्हणायचं तर साऱ्या संघटनेच्या मानाचा प्रश्न.

कालव्याच्या कडेला आमची स्मशानभूमी आहे. पांढरे कपडे घातलेली माणसं, त्रिशरण पंचशील झालं. पोलिसांची तुकडी रायफली घेऊन ओळीत उभी राहिली. मोबाइल वर गेले. आणि मला मागं बाभळीखाली महादेव दिसला. गार्डच्या कपड्यांतच आला होता. रेखानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, काहीतरी करा म्हणून. काय करणार होते मी? मला डोळ्यांसमोर कालव्याचं पाणी दिसत होतं आणि त्यात पळत जाणारा महादेव. अधिकाऱ्यानं हुकूम द्यायला श्वास घेतला.

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या.

त्या चितेपाशी गेल्या. तात्यांच्या कानाशी हात नेऊन त्यांनी बांगड्या वाजवल्या, दारात वाजवायच्या तशा. मग दोन्ही तळव्यांनी त्यांचे कान झाकले आणि त्यांच्यावर वाकल्या, सगळं अंग आडवं घालून. त्या मनगटावरची खूण वर आली होती. ज्यांनी त्या मिठीवर जन्मभर विनोद केले, ती सगळी माणसं तिथं उभी होती.

महादेवनं रेखाचा हात सोडवला. तो चालत पुढं आला, चितेच्या उशाशी सावधान उभा राहिला.

"सायब, इत्तला!" तो ओरडला. "तीन राऊंड हायत. हवेत हायत. आपलीच माणसं हायत. पैला येतोय!"

मग त्यानं अधिकाऱ्याकडे मान हलवली. बार झाला. उसातून पाखरं उठली. महादेवचे डोळे घट्ट मिटले होते, पण पाय जागचे हलले नाहीत. "दुसरा येतोय, सायब!" बार. "शेवटचा हाय!" बार.

"संपलं, सायब," महादेव म्हणाला, आणि खाली बसला. रेखा त्याच्याकडे धावली.

मावशींनी हात लगेच काढले नाहीत. त्या तात्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या, झोपलेल्या माणसाला उठू न देता बोलावं तसं. पोलीस अधिकारी तरुण होता, परगावचा. तो माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "बाई, ह्या गृहस्थांना ऐकायला कमी यायचं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "फार जास्त यायचं."